तिसरा उद्गार

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या सकाळी कोकिळाबाई देवळातल्या मेजावर घालायच्या काळ्या कापडाला इस्त्री करत होत्या, तेव्हा त्यांची लेक अनुपमा मेहकरहून पहिल्या एसटीनं येऊन दारात उभी राहिली. एप्रिलचं ऊन आठ वाजताच चटका देत होतं आणि पोरीनं डोक्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळली होती.

"आली मी, माय."

"आज? आजच्या दिवशी काऊन आली व?"

पहिला शब्द हाच तोंडातून गेला. 'ये' नाही, 'बस' नाही. पुढं कित्येक दिवस कोकिळाबाईंना तो शब्द आठवला की घास कडू व्हायचा.

चिखलीतली ही ख्रिस्ती मंडळी लहान, साठेक घरांची. मिशनच्या काळातलं कौलारू देऊळ, त्याच्या मागं पाळकसाहेबांचं, म्हणजे धर्मगुरूंचं घर. दर उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना चाले. प्रभू येशूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलत. सहा पुरुष आणि एक बाई. तिसरा उद्गार बाईचा, कारण त्यात प्रभू आपल्या आईशी, मरियेशी बोलतो. गेली अकरा वर्षं तो कोकिळाबाईंकडं होता. त्या महिला संघाच्या अध्यक्षा, त्यांचे मालक पुंजाजी मंडळीच्या पंचांपैकी एक. दरवर्षी त्या सांगत, की मरिया वधस्तंभाखाली उभी राहिली, तिनं हूं की चूं केलं नाही, बायांनो, आपणही असंच सोसावं. बाया पदरानं डोळे पुसत. पाळकसाहेब म्हणत, "कोकिळाबाई, देवानं तुम्हाला शब्दाचं दान दिलं आहे."

कोकिळाबाईंनी अनुपमाची ओढणी सोडली. डाव्या कानाखाली गाल निळा पडला होता आणि कानाच्या पाळीवर रक्त सुकलं होतं.

"न्हाणीत पाय घसरला..."

"मले नको सांगू." कोकिळाबाईंनी इस्त्री बंद केली. तीस वर्षं त्या एका दवाखान्यात आया होत्या. न्हाणीत घसरलेल्या कितीतरी बायांची अंगं त्यांनी पुसली होती. "गजेंद्रनं मारलं?"

अनुपमानं मान हलवली. तिचा नवरा गजेंद्र मेहकरच्या मंडळीत गायनाचा प्रमुख. पेटी वाजवावी तर त्यानंच. बोलणं गोड, कपडे पांढरेशुभ्र. अनुपमाही गायची, आणि खरं सांगायचं तर त्याच्याहून चांगली गायची.

"ईस्टरच्या गाण्याचा सराव होता. मी म्हटलं, सूर चढा लागून राह्यला. चार जणांपुढं म्हटलं. घरी आल्यावर..." तिनं उजवा कान आईकडं वळवला. "काय म्हणली?"

"काही नाही म्हणली मी."

"मले वाटलं काहीतरी म्हणली. इकडून आयकूच नाही येऊन राह्यलं, माय."

कोकिळाबाई खाली बसल्या. नाताळातही ती अशीच आली होती. तेव्हा बुलढाण्याच्या डॉक्टरांनी कान तपासून सांगितलं होतं, की पडद्याला भोक पडलं आहे, जपलं तर भरून येईल, पण पुन्हा या बाजूला मार बसता कामा नये. पोरगी रडत होती, जायचं नाही म्हणत होती. आणि नाताळच्या कार्यक्रमात मंडळीपुढं शोभा नको, असं पाळकसाहेब आणि पुंजाजींनी म्हटलं म्हणून तिला मेहकरच्या जीपमध्ये कोणी बसवलं? कोकिळाबाईंनीच. बसवताना वर म्हणाल्याही होत्या, "प्रभूनं एवढं सोसलं, अन् तुले एवढंसं सोसवत नाही?"

साडेदहाला देवळामागच्या खोलीत पाळकसाहेब, पुंजाजी आणि दुसरे पंच गोविंदराव बसले. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतः अनुपमाला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग डोळे मिटून प्रार्थना केली आणि हळू आवाजात बोलू लागले.

"बेटा, तुझं दुःख प्रभूला ठाऊक आहे. पण प्रत्येकाला आपापला वधस्तंभ उचलायचा असतो. आजचा दिवस तर आपल्याला हेच शिकवतो."

"काय म्हणले?" अनुपमानं विचारलं. ते तिच्या डाव्या बाजूला बसले होते. कोणी पुन्हा सांगितलं नाही.

"साहेब, आधी डॉक्टरले दाखवू द्या," कोकिळाबाई म्हणाल्या.

"आज सुट्टी आहे. आणि एवढी घाई कशाला? मी गजेंद्रशी फोनवर बोललो आहे. त्याला पश्चात्ताप झाला आहे. रविवारी पहाटेच्या उपासनेला तो इथं येईल. पुनरुत्थानाच्या दिवशी दोघांना मंडळीपुढं उभं करू, समेट करू. सगळ्यांना केवढी मोठी साक्ष होईल!"

"चांगलं होईल," गोविंदराव म्हणाले.

"पण नाताळातबी असंच—"

"कोकिळा," पुंजाजींनी जमिनीकडं पाहत म्हटलं, "साहेब सांगून राह्यले नं. पंचाच्या घरची गोष्ट बाहेर जाऊ नये."

"काय म्हणून राह्यले सारे?" अनुपमानं पुन्हा विचारलं.

पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. उपासनेची वेळ होत आली होती.

देऊळ गच्च भरलं होतं. पंखे फिरत होते, वारा मात्र लागत नव्हता. दोन उद्गार झाले. कोकिळाबाई कागद घेऊन मेजापुढं उभ्या राहिल्या. कागद गेल्या वर्षीचाच, थोडे शब्द बदललेला. मरिया उभी राहिली, इथपर्यंत त्यांनी वाचलं. पुढचा शब्द होता, 'सोसलं'. समोर तिसऱ्या बाकावर अनुपमा मान वाकडी करून, उजवा कान पुढं काढून ऐकत होती.

कोकिळाबाईंनी कागद खाली ठेवला.

"बायांनो," त्या म्हणाल्या, "हे मी अकरा वर्षं सांगतलं. अन् अर्धंच सांगतलं. प्रभू मरून राह्यला होता. जीव कंठाशी आला होता. तरी त्याची नजर आईवर गेली. त्यानं तिले असं नाही म्हटलं, का ये, तूबी चढ माह्या बाजूले. त्यानं आपल्या दोस्ताले सांगतलं, हिले घरी घेऊन जाय. त्या दिवसापासून तिले घर होतं. हे शास्त्रात लिहेल आहे. मी दर वर्षी वाचलं, अन् ते घर सोडून दिलं. आपल्या लेकी येतात दारात, तर आपण त्यायले..."

पाळकसाहेब खाकरले. गोविंदरावांनी गीताचा नंबर सांगितला, कोणीतरी पेटी धरली, आणि साठ घरांचा आवाज एकदम उठला. कोकिळाबाईंचे ओठ हलत होते, पण शब्द गाण्याखाली बुडून गेले. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग जागेवर जाऊन बसल्या. उपासना सुटल्यावर दारात एकजण दुसरीला म्हणाली, "आज कोकिळाबाईले जमलं नाही नं."

शनिवारी पुंजाजी म्हणाले, "एक दिवस थांबली तर काय होते?" कोकिळाबाईंनी लेकीला घेतलं आणि बुलढाण्याची जीप धरली. डॉक्टर तेच होते. त्यांनी कानात पाहिलं, यंत्र लावून तपासलं, मग बराच वेळ कागदावर लिहीत राहिले.

"पडद्याचं ऑपरेशन करता येईल," ते म्हणाले, "पण आतल्या नसेला मार बसलाय. या कानाचं ऐकू येणं परत येईल असं मला वाटत नाही. नाताळात मी काय सांगितलं होतं? तेव्हा जपलं असतं तर वाचला असता. घरी कोणी मोठं माणूस नव्हतं का?"

"होतं," कोकिळाबाई म्हणाल्या. "मी होती."

बाहेर आल्यावर अनुपमा बाकावर बसली आणि हलकेच गुणगुणायला लागली. एक ओळ, पुन्हा तीच ओळ. मग थांबली. "मले माह्याच सुराचा अंदाज लागून नाही राह्यला, माय," ती म्हणाली. ती रडली नाही. कोकिळाबाईंना वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. तिला जवळ घेऊन काहीतरी करता तरी आलं असतं.

ईस्टरच्या रविवारी उजाडताना सगळी मंडळी कब्रस्तानात जमली. ही तिथली जुनी रीत. कबरींना आदल्या दिवशी चुना दिलेला, उशाशी मेणबत्त्या, झेंडूची फुलं. पूर्वेकडं तांबडं फुटलं आणि प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे, असा घोष झाला. गाणं गजेंद्रनं घेतलं. आवाज खणखणीत होता. बायांच्या अंगावर काटा आला.

मग पाळकसाहेबांनी त्याला पुढं बोलावलं. गजेंद्रनं हात जोडले. त्याचे डोळे भरून आले. "माझ्याकडून चूक झाली," तो म्हणाला, "मी प्रभूपुढं आणि मंडळीपुढं क्षमा मागतो." दोन-तीन म्हाताऱ्या स्फुंदू लागल्या.

"क्षमेशिवाय पुनरुत्थान नाही," पाळकसाहेब म्हणाले. "अनुपमा, ये बेटा. नवऱ्याचा हात धर."

अनुपमा पुढं गेली. कोकिळाबाई न बोलावता तिच्यासोबत गेल्या. अनुपमानं हात पुढं केला नाही.

"जोरानं बोला," ती गजेंद्रला म्हणाली. "मले डाव्या कानानं आयकू येत नाही. कोणती चूक झाली?"

गजेंद्रनं पाळकसाहेबांकडं पाहिलं.

"रागाच्या भरात..."

"रागाच्या भरात काय केलं? सांगा. साऱ्यायले आयकू द्या."

गजेंद्रची मान खाली गेली, पण शब्द बाहेर आला नाही. ज्याला सरावात चुकलेला सूर चार लोकांपुढं ऐकून घेता आला नव्हता, त्याला साठ घरांपुढं आपला हात कबूल करणं कुठून जमणार?

"झालं गेलं आता कशाला उगाळायचं?" पाळकसाहेब घाईनं म्हणाले. "आजचा दिवस आनंदाचा आहे. जुनं सगळं मागं टाकायचं."

"साहेब," कोकिळाबाई म्हणाल्या. आज त्यांच्या आवाजावर गाणं सुरू करायला कोणी धजलं नाही. "प्रभू उठला तेव्हा त्यानं हातातले खिळ्यायचे वण दाखवले. लपवले नाही. म्हणे, पाहा, हात लावून पाहा. अन् तुम्ही वण झाकून पुनरुत्थान कराले निघाले? माह्या पोरीचा कान गेला. कायमचा गेला. नाताळात तुम्ही, मी, तिच्या बापानं, साऱ्यायनं तिले तिथं धाडलं. त्या शुक्रवारी प्रभूनं जीव दिला तो दुसऱ्यायले सोडवाले. कोणाले बांधून ठेवाले नाही दिला."

"तुम्ही क्षमा विसरलात, कोकिळाबाई."

"क्षमा तिची आहे. तिले कराची तेव्हा ती करीन. तुम्ही तिच्या नावानं वाटू नका."

पुंजाजी गर्दीतून पुढं आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "कोकिळा, गप बस. मंडळी फुटीन."

"फुटू द्या. पोरीचा कान फुटला तेव्हा कोणी म्हटलं नाही असं."

त्या अनुपमाचा हात धरून कबरींच्या मधल्या वाटेनं निघाल्या. मागं कुजबुज उठली, बाया काहीबाही बडबडतात म्हणून. प्रभूच्या कबरीवरून पहिल्यांदा धावत आलेल्या बायांनी आणलेली, तो उठल्याची बातमीही पुरुषांना अशीच बडबड वाटली होती. शास्त्रातला तो भाग थोड्याच वेळात उपासनेत वाचला जायचा होता. कोकिळाबाई तेव्हा पोलीस ठाण्यात डॉक्टरांचा कागद पुढं सरकवून तक्रार लिहून देत होत्या.

सगळं नीट झालं असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. खटला उभा राहिला, तारखा पडत आहेत. मेहकरात गजेंद्र अजूनही पेटीवर बसतो, लोक त्याला बिचारा म्हणतात. महिला संघाला नवी अध्यक्षा मिळाली. पुंजाजींनी पंचपद सोडलं नाही. मात्र एका तारखेला ते न सांगता कोर्टात येऊन लेकीच्या उजव्या बाजूला बसले. अनुपमा चिखलीतच एका दुकानात कामाला लागली. ती गात नाही. कोकिळाबाईंनी तिला कधी 'गा' म्हटलंही नाही.

त्यांनी एवढंच केलं. दर बुधवारी चार वाजता घराचं दार उघडं ठेवलं आणि देवळाच्या दारात सांगून ठेवलं, की ज्या बाईला यायचं तिनं यावं, शास्त्र वाचू, बोलू. पहिल्या बुधवारी दोघी आल्या. दुसऱ्या बुधवारी कोणी नाही. तिसऱ्या बुधवारी पुन्हा कोणी नाही. साठ घरं! त्यांतली निदान दहा घरं अशी, की जिथल्या बायांची अंगं कोकिळाबाईंनी स्वतः पुसली होती. त्या चटई घालून बसत, आणि पाच वाजता संतापानं ती गुंडाळून ठेवत. पुढच्या बुधवारी पुन्हा घालत.

चौथ्या बुधवारी वंदना आली. गोविंदरावांची सून. ती दारातच उभी राहिली, आत येईना. रस्त्याकडं दोनदा पाहून तिनं विचारलं, "कोकिळाबाई, मंग सोसाचंच नाही का काही? प्रभूनं तर सोसलं."

"सोसाचं नं बाई," कोकिळाबाई म्हणाल्या. "दुसऱ्याले सोडवाले गेलो अन् त्यापायी जे अंगावर आलं, ते सोसाचं. लोकं तोंड फिरवतात, ते मी सोसून राह्यली. पण मारणाराची इज्जत राहावी म्हणून मार खाणं, त्याले वधस्तंभ नाही म्हणत. मी म्हणत होती. चुकली मी."

वंदनानं मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज घातला होता, भर उन्हाळ्यात. चप्पल काढली आणि आत येऊन चटईच्या कडेला बसली. पाच वाजले. सव्वापाच झाले. कोकिळाबाईंनी चहा ठेवला. तो पिऊन झाल्यावरही ती उठली नाही.

"आणखी थोडं बसू का?" तिनं विचारलं.