खरखर कुणाची?

मित्रांनो, मी संगणकाला जोडायचा एक जुना माइक आहे. वीतभर उंची, वाकणारी मान आणि डोक्यात केसापेक्षाही पातळ असा एक पडदा. आवाज आला की तो थरथरतो. काय ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं, हे मला ठरवता येत नाही.

म्हणूनच मी स्वस्त होतो. दुकानदाराने बाईंपुढे दोन माइक ठेवले. "हा महाग, पण समोरचंच ऐकतो. आणि हा," त्याने माझ्या डोक्यावर टिचकी मारली, "चारी बाजूंचं ऐकतो. भोचक आहे जरा."

"असू दे भोचक. घरात आम्ही दोघंच," बाई हसून म्हणाल्या.

दोघं म्हणजे बाई आणि त्यांचे वडील. बाई अंध विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाची पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत. वडिलांचं डावं अंग लुळं पडलं होतं, ते उठू शकत नसत. त्यांच्यावर लक्ष राहावं म्हणून बाईंचं टेबल त्यांच्या उशाशीच, विजेच्या बोर्डाला खेटून होतं.

पहिले काही महिने माझ्या कौतुकाचे होते. "बाई, तुम्ही शेजारी बसून वाचताय असं वाटतं," असा निरोप एका मुलीने धाडला. बाई रोज मऊ फडक्याने मला पुसत.

मग थंडी आली. बोर्डाला हीटर लागला आणि माझ्या पडद्याला मागून एक बारीक खरखर जाणवू लागली. नुसत्या कानांना ती कळत नसे, पण हेडफोन चढवले की बाईंना ऐकू येई. संगणकात असा आवाज पुसायची सोय असते. बाई रोज तो पुसत. रोज तो थोडा वाढलेला असे.

रविवारी धाकटी बहीण संगणकावरून गप्पा मारायची.

"ताई, काही तळतेयस का गं? चुरचुर ऐकू येतंय."

"छे गं! स्वस्तातला माइक. आता गुण उधळायला लागलाय."

"माइक कसला, खुळखुळा घेतलास तू!"

दोघी खूप हसल्या. मला ऐकता येतं, सांगता येत नाही.

शेवटी एका दुपारी बाईंनी मला उपटून पिशवीत टाकलं आणि वडिलांचं पांघरूण सारखं केलं. "बाबा, हा माइक बदलून आणते. हीटर चालू ठेवलाय."

"सावकाश ये. मी कुठे पळून जातोय?"

दुकानदाराने मला त्याच्या संगणकाला जोडलं. बाईंनी हेडफोन लावून ऐकलं. खरखर नव्हती.

"ताई, माइक ठणठणीत आहे. घरी कुठे ठेवता?"

"विजेच्या बोर्डाजवळ. त्यावर हीटर असतो."

"बोर्ड गरम लागतो?"

"लागतो. मला वाटलं, हीटरच्या उबेने..."

दुकानदाराचं हसू मावळलं. "आत तार सैल झाली असणार. ठिणग्या उडतात तेव्हा अशीच खरखर होते. आत्ता बंद आहे ना सगळं?"

हेडफोन तिथेच टाकून बाई धावत सुटल्या.

मित्रांनो, तेव्हापासून मी या काउंटरवर आहे. दुकानदार मला विकत नाही, खोक्यातही ठेवत नाही. मला जपा, असं मी म्हणणार नाही; धूळ मी सोसेन. पण नकोसा आवाज कानी आला, तर तो पुसण्याआधी कुठून येतोय ते शोधा. आणि ज्याला उठून पळता येत नाही, त्याच्या उशाशी तर आधी शोधा.

आज चौथा दिवस. मला न्यायला अजून कुणी आलेलं नाही.