बहिऱ्या तळ्यासमोरचा रूळ

त्या दिवशी सकाळी लाझारने राजम्याचं सूप करपवलं आणि खापर खेचरावर फोडलं.

"ते ओरडत होतं म्हणून बाहेर गेलो, तेवढ्यात बुडाला लागलं."

"खेचर परवाच खाली गेलंय, बाबा," रुमेना म्हणाली.

"मग त्याच्या आठवणीनं लागलं असेल."

चुलीशी बसून बुटांना चरबी लावणारा मेतोदी खो खो हसला. लाझार आणि मेतोदी बावीस वर्षं पिरीन पर्वतातल्या त्या दगडी निवाऱ्याचे राखणदार होते. आठ खाटा, एक चूल, दारासमोर तळं. तळ्याच्या तिन्ही बाजूंना सरळसोट कडे होते, तरी तिथे ओरडलं तर आवाज परत येत नसे. कडे तो गिळत, की पाणी गिळत होतं, कोणास ठाऊक. गावातले लोक त्याला बहिरं तळं म्हणत.

ऑक्टोबर सुरू झाला होता. वाटसरू येईनासे झाले होते. रुमेना दोन दिवसांसाठी वर आली होती ती एकाच कामासाठी: वडिलांना खाली नेण्यासाठी. ती शहरातल्या ग्रंथालयात काम करायची. एकटी राहायची. यंदाचा हिवाळा लाझारने वर काढू नये, असं तिनं ठरवलं होतं. त्याचे गुडघे गेले होते. उतारावर तो आडवा चालायचा, खेकड्यासारखा.

"तुझ्या तिसऱ्या मजल्यावर येऊन मी करू काय? लिफ्टची राखण?"

"पुस्तकं वाचा. घरात चार भिंती भरून आहेत."

"तू वाचलीस ना सगळी? काय मिळालं? नवरासुद्धा टिकला नाही."

"लाझार!" मेतोदी बूट खाली ठेवत म्हणाला. "जिभेलाही चरबी लावू का?"

"अरे, गंमत केली."

गंमतच होती. लाझारला दुसऱ्या भाषेत प्रेम करता येत नसे, हे रुमेनाला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. पण त्या सकाळी ते लागलं. तिनं पाठपिशवी भरली, बुटांच्या नाड्या बांधल्या. लाझार दारापर्यंत आला. त्याच्या हातात एक सफरचंद होतं.

"सूप नाही तर हे तरी घे. आणि खिंडीत पोचलीस की वाजव."

तिनं सफरचंद घेतलं. वर पाहिलं नाही.

खिंडीत पोचलं की वाजवायचं, हा तिथला नियम होता. निवाऱ्याच्या भिंतीला आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला असे. वाटेवर माणूस असताना धुकं उतरलं, की राखणदार हातोड्यानं तीन ठोके द्यायचा, थांबायचा, पुन्हा तीन. चालणारा त्या आवाजावरून आपली दिशा धरायचा. खिंडीत पोचला की तीन शिट्ट्या वाजवायचा: पोचलो. मग राखणदार एकच लांब ठोका द्यायचा: ऐकलं. तासाभरात शिट्टी आली नाही, तर राखणदार बाहेर पडायचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. रुमेनाला मात्र ते पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. तिची पितळी शिट्टी लाझारनेच दिली होती, ती सात वर्षांची असताना.

ती खिंडीच्या शेवटच्या चढावर होती तेव्हा धुकं आलं. वरून नाही, खालून. तळ्यातून उठून एकेक खांब गिळत ते तिच्या मागे चढत आलं. वाटेवर दर पन्नास पावलांवर पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचे लोखंडी खांब रोवलेले होते. खिंडीत पोचून ती मागे वळली तेव्हा फक्त एक खांब उरला होता.

आणि रूळ वाजला. तीन ठोके.

स्वच्छ ऐकू आले. शेजारच्या खोलीत कुणी टेबलावर बोटं आपटावीत इतके.

तिनं शिट्टी तोंडाशी नेली. मग खाली केली. वाऱ्याच्या आडोशाला एका खडकामागे बसून तिनं सफरचंद खाल्लं. वाजवू दे थोडा वेळ, तिला वाटलं. हात दुखू दे. बाबा ओळखतीलच, पोरगी फुगलीय म्हणून.

तीन ठोके. थांबणं. तीन ठोके. त्या थांबण्यात कुणीतरी कान देऊन उभं होतं.

सफरचंद संपलं. तिनं देठ फेकला आणि पलीकडच्या बाजूनं उतरायला लागली. बराच वेळ ठोके तिच्या मागे येत राहिले. मग मधे डोंगर आला.

*

लाझार दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. खिंडीखालच्या घसरड्या उतारावर, सातव्या खांबापासून तीस हात खाली. गळ्यात कंदील होता. तास उलटला तसा तो निघाला होता. मेतोदी म्हणाला होता, मी जातो, तुझे गुडघे बघ. "पोरगी माझी आहे," लाझार म्हणाला होता, "तू ठोके दे." मेतोदीनं ठोके दिले. संध्याकाळपर्यंत दिले. तळहाताची सालटी निघाली.

शोधपथकाच्या माणसानं रुमेनाला विचारलं, अगदी हळू आवाजात, "ताई, तुम्हाला रूळ ऐकू आला नाही का?"

"नाही," ती म्हणाली.

दोनच अक्षरं. ती उच्चारताना तिला वाटलं, उद्या नीट सांगू. पण त्या दोन अक्षरांना रात्रीत पाय फुटले. कारण त्याच उन्हाळ्यात निवाऱ्याची खिंडीकडची भिंत दुरुस्तीला काढली होती, आणि मेतोदीनं रूळ तिथून काढून दाराशी टांगला होता, तळ्याकडे तोंड करून. गावातल्या लोकांना उत्तर मिळालं. बहिऱ्याच्या कानाशी घंटा वाजवली, म्हणाले, ऐकणार कोण? दुकानात मेतोदी आला की बोलणं थांबायचं. "मेतोदी, बायकोला हाक मारतोस तेव्हा तोंड कुठे करतोस रे?" असं एकानं विचारलं, आणि कुणी हसलं नाही, म्हणून ते जास्तच लागलं असणार.

रुमेना हे सगळं ऐकत होती. लाझार गेल्याच्या चाळीसाव्या दिवशी तिनं चर्चमध्ये साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू वाटले, तेव्हा मेतोदी रांगेत शेवटी उभा होता. त्यानं ओंजळ पुढे केली, पण मान वर केली नाही. तिनं ओंजळीत गहू घातले. तोंड उघडलं आणि म्हणाली, "थंडी फार आहे, काका."

*

वर्ष झालं तेव्हा ती पुन्हा निघाली. पाठीवर गव्हाचा डबा होता, आणि प्लास्टिकच्या पिशवीत वर्षश्राद्धाचा कागद: लाझारचा फोटो, नाव, 'एक वर्ष झालं' अशी ओळ. गावातल्या दारांवर, खांबांवर, बसथांब्यावर तिनं तसेच कागद चिकटवले होते. निवाऱ्याच्या दारावर राहिला होता. मेतोदी चार दिवसांपूर्वीच पुन्हा वर गेला होता. सामान आवरायला. यापुढे राखण करणार नाही, असं त्यानं कळवलं होतं.

गावाच्या वरचं जंगल संपायला दोन तास लागले. नंतर खुरट्या पाईनची जाळी, छातीपर्यंत, ओली, कपडे धरणारी. मग खालची दोन तळी. एरवी हिरवी दिसणारी ती तळी त्या दिवशी शिशासारखी होती. काठावर गोठलेल्या पाण्याची पातळ कड आली होती. वारा नव्हता. पक्षी नव्हते. रुमेनाला स्वतःच्या श्वासाचा आवाज मोठा वाटायला लागला, आणि मधेच, मागून कुणी चालतंय असं. ती थांबली की तेही थांबे. डबा पाठीवर आपटत होता, इतकंच. तिनं तो घट्ट बांधला. तरी दोनदा वळून पाहिलं.

तळ्यांच्या वर सैल दगडांचा उतार. तिथे पाय टाकला की दगड खाली जातो, पाय त्याच्यासोबत, आणि माणूस होता तिथेच राहतो. तासभर ती हातापायांवर चढली. एक दगड तिच्या पायाखालून सुटला आणि खूप वेळ खाली जात राहिला. तो थांबल्याचा आवाज आलाच नाही. ती वाट बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की आपण दगडाची वाट बघत नाही आहोत. एक माणूस असाच गेला असेल, तेव्हा हा आवाज किती वेळ झाला असेल, हे मोजतो आहोत.

मांडीचे स्नायू थरथरत होते. शेवटच्या खडकावर साखळी ठोकलेली होती. तिनं ती धरली. लोखंडाच्या गारठ्यानं बोटं चिकटली. ती सोडवताना कातडी थोडी सोलली गेली.

खिंडीत ती उभी राहिली आणि पलीकडे काही नव्हतं. तळं, निवारा, कडे, काहीच नाही. काठोकाठ धुकं. पहिला खांब दिसत होता. दुसऱ्याचं टोक. सफरचंद खाल्लं तो खडक मात्र होता तिथेच, जणू कुणी जपून ठेवल्यासारखा.

मग खालून रूळ वाजला.

ती बसलीच. तीन ठोके. थांबणं. मेतोदीला कुणी येत असल्याचं ठाऊक नव्हतं, निदान तिनं कळवलं नव्हतं. पण तारीख त्यालाही ठाऊक होती. त्यानं धुकं पाहिलं असेल आणि हातोडा उचलला असेल.

तीन ठोके. थांबणं.

शिट्टी वर्षभर तिच्या कोटाच्या खिशातच होती. तिनं ती ओठांना लावली. पहिल्यांदा नुसती हवा गेली. ओठ सुकले होते. तिनं ते जिभेनं ओले केले आणि वाजवली. एक. दोन. तीन.

खाली सगळं थांबलं. इतका वेळ थांबलं की तिला भीती वाटली. मग एकच लांब ठोका आला, आणि तो हळूहळू विरला.

ती खांब मोजत उतरली. सातवा खांब वाकलेला होता. तिनं त्याला हात लावला, उजवीकडे पाहिलं नाही, आणि पुढे गेली. धुक्यातून आधी चुलीचा धूर नाकाला लागला, मग भिंत दिसली, मग भिंतीशी मेतोदी. हातात हातोडा तसाच होता. वर्षभरात तो दहा वर्षांनी वाकला होता. डोळे मात्र लकाकत होते.

"तू वाजवलीस ना?" तो म्हणाला. "तूच ना, पोरी?"

"हो, काका."

"ऐकू आलं? खिंडीत? स्वच्छ?"

"स्वच्छ."

मेतोदीनं मोठा श्वास सोडला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तेव्हा तिला दिसलं. रूळ दाराशी नव्हता. खिंडीकडच्या भिंतीवर होता, जुन्या जागी, नव्या साखळीवर.

"वसंतात परत इथे टांगला," तो म्हणाला. "तेव्हापासून धुक्याची आणि माणसाची वाट बघतोय. उन्हाळाभर धुकं आलं, तर माणूस नाही. माणूस आला, तर ऊन. म्हटलं, जाण्याआधी एकदा कळू दे. इथून ऐकू जातं का, आणि तिथून खरंच गेलं नव्हतं का. माणसाला कळायला पाहिजे." त्यानं हातोडा खिडकीच्या फळीवर ठेवला, अगदी नीट, लाझार ठेवायचा तसा. "कळलं. लोक खोटं बोलत नव्हते. मीच मारला त्याला. भिंत चुकवली आणि मारला."

"काका..."

"नाही, रडत नाहीये मी. उलट बरं वाटतंय. काय बोलून गेला होता माहितीये जाताना? 'तू ठोके दे, तुझ्या हातात जोर आहे.' जोर होता गं हातात. तळ्याला ऐकवत बसलो." तो हसला, आणि ते हसणं बघवेना. "चल आत. राजमा शिजतोय. करपलेला नाही."

तो दाराकडे वळला. रुमेना हलली नाही. तिच्या पाठीवर गव्हाचा डबा होता, हातात फोटोचा कागद. कागदावरून लाझार तिच्याकडे बघत होता, जरा बाजूनं, पुढची गंमत सुचल्यासारखा. मागे तळं होतं. दिसत नव्हतं, पण पाण्याचा थंडावा मानेला लागत होता. तिची शिट्टी नसती वाजली, तर हा माणूस निदान संशयात जगला असता. आज तिनं नियम पाळला, आणि त्यानं तो फास म्हणून गळ्यात घातला.

तिनं डबा खाली ठेवला. जवळ जाऊन रुळाला हात लावला.

"मेतोदीकाका, थांबा."

तो थांबला.

"रूळ दाराशी होता तेव्हाही ऐकू येत होता," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, आणि तळ्यानं तो परत दिला नाही. "त्या दिवशी मला ऐकू आला. पहिल्या ठोक्यापासून. मी खडकामागे बसून सफरचंद खात होते. शिट्टी माझ्या हातात होती."

मेतोदी दारातून माघारी वळला.

रुमेनानं त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, जिथे धुक्यात सातवा खांब असणार होता, आणि पुन्हा सांगितलं, या वेळी मेतोदीला नाही.

"ऐकलं होतं मी, बाबा. सगळे ठोके ऐकले होते."