कंबर दिसली पाहिजे

संयोगिताने दोन बोटांनी फोटो ताणला. धुकं ताणलं गेलं. आणखी ताणला, तर धुक्यात एक काळा ठिपका होता तो मोठा काळा ठिपका झाला. कोपऱ्यात अंगठ्याचं नख मात्र लख्ख आलं होतं.

हा सतरावा फोटो. तिने ब्लाऊज तसाच मशीनच्या सुईखाली सोडला आणि आष्ट्याच्या नाथाजींना फोन लावला.

"सुभेदार, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"बाजूनं काडायचा, मॅडम. उजेडात. शेजारी आगकाडी ठिवायची."

"मग आगकाडी कुठंय?"

"हाय की. मुंगीच्या मागं."

"आणि मुंगी कुठंय?"

"काडीच्या फुडं," नाथाजी म्हणाले.

"अहो, कंबर दिसली पाहिजे! तिची कंबर बघितल्याशिवाय मला काहीही सांगता येणार नाही. कंबर!"

"मॅडम, जरा हळू. फोन स्पीकरवर हाय. मंडळी शेजारीच बसल्यात."

संयोगिताने कपाळावर हात मारला. तो आवाजही आष्ट्यापर्यंत गेला असावा.

साताऱ्यात तिचं फॉल-पिकोचं लहानसं दुकान होतं. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं. अकरा वर्षांपूर्वी अस्तराच्या गठ्ठ्यात मुंग्यांनी घर केलं आणि झटकायच्या आधी तिने त्यांच्याकडे बघत बसायची चूक केली. त्या चुकीतून आधी पुस्तकं आली, मग भिंग आणि शेवटी मोबाइलवर मुंग्या पाळणाऱ्यांचा एक ग्रुप. ग्रुपवरची कॉलेजची पोरं तिला मॅडम म्हणायची आणि वरून, मागून, चपलेसकट काढलेले फोटो पाठवून विचारायची, "कोणत्या जातीची राणी?" जणू तिच्याकडे सगळ्या राण्यांची रेशनकार्डं होती.

पण या पोरांच्या वरताण नाथाजी होते. बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. रोज सकाळी सातच्या ठोक्याला त्यांचा मेसेज यायचा, "मुंगी हजर. तब्येत ठीक." आणि खाली धुकं.

ती मुंगी त्यांच्या बायकोला, रंगूबाईंना, ज्वारी पाखडताना सुपात सापडली होती. पंख झडलेले, पोट टम्म. "पोटुशी हाय, मारू नगा," एवढं बोलून रंगूबाईंनी तिला वाटीखाली झाकलं. नाथाजींनी ग्रुपवर विचारून काचेची नळी मिळवली, अर्ध्यापर्यंत पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग मुंगी, मग तोंडाला दुसरा बोळा. सगळं बिनचूक. आता प्रश्न एकच होता, खायला घालायचं की नाही.

तिथेच घोडं अडलं होतं. डोंगळ्याची राणी असेल तर घालायचं नाही. ती पंखांचे स्नायू अंगातच जिरवते आणि त्यावर पहिली पिल्लं वाढवते. नळी उघडून त्रास दिला तर घाबरून स्वतःचीच अंडी खाते. शिकारी जातीची असेल तर उलटं, उपाशी ठेवली की मेली. दोघी काळ्या, दोघी बोटाच्या पेराएवढ्या. फरक कंबरेवरची गाठ चपटी की जाड यात, आणि तिच्यामागे पोट आवळल्यासारखी खाच आहे की नाही यात.

गेल्या वर्षी कोरेगावच्या एका मुलीला संयोगिताने असाच पुसट फोटो बघून सांगितलं होतं, डोंगळा आहे, काही देऊ नकोस. एकोणिसाव्या दिवशी मुलीने शेवटचा फोटो पाठवला. तो मात्र अगदी स्पष्ट आला होता. मेलेली मुंगी हलत नाही. खाच नीट दिसत होती. "ठीक आहे मॅडम," एवढंच तिने लिहिलं होतं. तेव्हापासून संयोगिता अंदाजाने बोलत नसे.

"ती घावून तेवीस दिस झालं," नाथाजी म्हणाले. "अंदाजानं सांगून टाका की."

"नाही सांगत. काच पुसून काढा फोटो."

"भाईरनं रोज पुसतो. आतनंच धुकं येतंय."

"आतून कसं येईल धुकं? आणि त्या बोळ्याजवळ पिवळं काय दिसतंय?"

"कापूसच आसंल. मी काय घातल्यालं न्हाई. तुमची ऑर्डर न्हवती."

मग फोनमध्ये खुडबुड झाली, दार लोटल्याचा आवाज आला, आणि नाथाजी खालच्या आवाजात बोलू लागले. "मॅडम, आमच्या लेकीचं, उत्कर्षाचं, बाळंतपण बंगळूरलाच झालं. आईला म्हणली, तू येऊ नगो, बाई ठिवलीया, सगळं हाय. हिनं तयारी केलती हो सगळी. तवापास्नं ही त्या नळीम्होरंच बसून आसती. ती मुंगी मेली तर लय अवघड हुईल."

रविवारी संयोगिताला सांगलीला नणंदेकडे जायचंच होतं. ती भिंग पर्समध्ये टाकून निघाली आणि आष्ट्याला उतरली. उतरताना स्वतःवरच चिडली. एका मुंगीची कंबर बघायला माणसाने एसटी बदलायची म्हणजे काय.

नाथाजी इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडवर उभे होते. घरी त्यांनी तिला बाहेरच्या सोप्यातल्या टेबलाशी नेलं. टेबलावर आगकाडी होती, मुंगी नव्हती.

"फोटूपुरती हितं आणतो," ते म्हणाले. "एरवी मंडळीकडं आसती. त्यांच्या खात्यात मी लक्ष घालत न्हाई."

आतल्या खोलीत कोपऱ्यात एक पाट दोन विटांवर ठेवला होता. पाटाखाली शेगडी, शेगडीत राखेने झाकलेले निखारे. पाटावर जुन्या लुगड्याची चौघडी, आणि चौघडीत, नुसता बोळा बाहेर ठेवून गुंडाळलेली, काचेची नळी. शेजारी डबा उघडा होता. डब्यात डिंकाचे लाडू.

संयोगिता दारातच उभी राहिली. धुकं म्हणजे नळीतल्या पाण्याची वाफ, हे तिला आता कळलं.

"आवं, या की," रंगूबाई म्हणाल्या. "चप्पल तेवढी भाईर काडा. बाळंतीण हाय."

"काकू! अहो, हे... लाडू घालता तुम्ही तिला?"

"कणभर. रोज बदलती. खात न्हाई वो, नुसती मिशा लावती. पर उपाशी कशी ठिवायची?"

"अहो, तिला उपाशीच ठेवायचं असेल तर? तिकडे मी फोटो ताणून डोळे फोडून घेतेय आणि इथं शेक चाललाय! डोंगळ्याची असली ना, तर तिला काही म्हणजे काही लागत नाही. लाडू नको, शेक नको. कुणीच लागत नाही. एकटी सोडायची, अंधारात. तिचं ती सगळं करते."

"कुणीच लागत न्हाई?" रंगूबाईंनी विचारलं.

"कुणीच," संयोगिता म्हणाली, आणि त्यांच्याकडे बघायला नको म्हणून खाली बसून तिने भिंग काढलं.

चौघडी उलगडून तिने नळी हळूच उचलली, दाराच्या उजेडाकडे धरली आणि काचेवरचे थेंब एका बाजूला ओघळेपर्यंत थांबली. मग कंबर दिसली. गाठ चपटी. पोट गोल, गुळगुळीत, खाच नाही. डोंगळा. इतक्या दिवसांची कटकट एका मिनिटात संपली.

लाडवाचा कण बोळ्याशी तसाच होता. राणी लांब दुसऱ्या टोकाला, पाण्याजवळ. संयोगिताने भिंग तिकडे सरकवलं. या थंडीत तिथे फार तर अंड्यांचा पुंजका असायला हवा होता. राणीच्या पायांपाशी सात-आठ गुबगुबीत अळ्या होत्या, आणि दोन कोश.

तिने पाटावर तळहात टेकवला. पाट कोमट होता.

"शेक किती वेळ देता?"

"सकाळ-संध्याकाळ. बाळंतिणीला देत्यात तेवडाच."

नाथाजी दाराशी ताठ उभे होते. संयोगिताने नळी होती तशी चौघडीत ठेवली, कापड वर ओढलं.

"डोंगळाच आहे," ती म्हणाली. "लाडू बंद करा. बोळा काढायचा नाही." मग घसा साफ केला. "शेक राहू दे."

"चालतोय?"

"चालतो." पण एवढ्यावर भागेना. "थंडीत पिल्लं अशी भराभर वाढत नाहीत. लागत असणार."

रंगूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. निखाऱ्यांवर थोडी राख ओढली. पाट एक बोटभर सरकवला, होता तिथेच परत आणला.

"आवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बंगळूरची गाडी कवा आसती?"

"तिनं येऊ नगो म्हटलंय न्हवं?"

"लाडू न्हेत न्हाई. बोलत बी न्हाई काय. नुसती जवळ बसीन."

नाथाजींनी संयोगिताकडे पाहिलं, हुकमाची वाट बघावी तसं. ती पदराने भिंग पुसत होती.

"मिरजेस्नं सुटती," ते म्हणाले. "दोन तिकटं काडू?"

"येकच काडा," रंगूबाई म्हणाल्या. "हितं शेक कोण दील?"