बदलाचे कारण

बांधकामाचा तपासनीस बदलायचा तर घरमालकाची सही लागते, आणि या घराची मालकीण म्हणजे कंत्राटदाराची सख्खी बहीण. म्हणजे काम हातचंच. त्याने ताईला सकाळी गाडीत घातलं आणि बांधकाम कचेरीच्या खिडकीसमोर आणून उभं केलं. खिडकी एकला बंद व्हायची. उद्या सकाळी स्लॅब टाकायचा होता, आणि तपासनिसाच्या सहीशिवाय त्याला हात लावायची सोय नव्हती.

जुना तपासनीस म्हणजे एक वल्लीच. खिशात छोटा हातोडा, दिसेल त्या भिंतीला टकटक. गवंडी त्याला ठोकेसाहेब म्हणायचे. त्याचा हट्ट एकच. जे झाकलं गेलं, त्यावर तो सही करायचा नाही. कोपऱ्यातला एक कॉलम त्याला न दाखवताच भरला होता. "थोडा फोडून आतल्या लोखंडाच्या रिंगा दाखवा, लगेच सही करतो," तो शांतपणे म्हणाला होता. त्यावर कंत्राटदार केवढा भडकला! वीस वर्षं घरं बांधतोय, मला शिकवतो काय, वगैरे. चारचौघांत फार मोठ्यानं बोलला. खरं बोलणाऱ्याला एवढा आवाज लागत नाही, हे त्याचं त्यालाही कळत होतं.

नवा तपासनीस मात्र हसतमुख. झालेल्या कामात मी कशाला नाक खुपसू, असं तो फोनवरच म्हणाला होता.

ताईनं चष्मा लावला. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, आता ओळ न् ओळ वाचणार, असं त्याला वाटलं. पण तिनं नाव-पत्ता तेवढा बघितला आणि सही करून टाकली. "तू म्हणतोस ना, मग झालं." त्याचा जीव भांड्यात पडला.

कारकुनानं फॉर्म परत सरकवला. "बदलाचं कारण लिहायचं राहिलंय. मालकाच्या अक्षरात पाहिजे."

"सांग," ताई पेन सरसावून म्हणाली.

"लिही... तपासनीस वेळेवर येत नाहीत."

पेन हललं नाही. "अरे, रोज सातच्या ठोक्याला हजर असतात की!"

"बरं, मग लिही, उद्धटपणे बोलतात."

"उद्धट तू बोललास. मी तिथेच उभी होते."

मागे रांग वाढत होती. कोणीतरी मुद्दाम खोकलं. घड्याळात बारा चाळीस झाले होते.

"ताई, काहीतरी खरड ना! कोण वाचतंय इथे?"

"कोणी वाचणार नसेल तर खरंच लिहू. खरं काय आहे?"

तिनं हे इतक्या सरळ विचारलं की त्याला थाप सुचेना. कॉलम भरायच्या दिवशी काँक्रीटची गाडी फाटकात येऊन उभी होती, माल घट्ट होत चालला होता आणि रिंगा संपल्या होत्या. सहा इंचांवर बांधायच्या रिंगा त्यानं स्वतःच्या हातानं फूट-फूट लांब सारल्या आणि "भरा" म्हणून ओरडला. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून त्या कोपऱ्याकडे जायचंच तो टाळत होता.

"त्या कॉलमात रिंगा कमी आहेत," तो पुटपुटला.

"कुठल्या?"

"कोपऱ्यातल्या."

"कोपऱ्यात तर आईची खोली होणार आहे."

त्यानं नुसती मान हलवली.

"तिला कूससुद्धा बदलता येत नाही रे," ताई म्हणाली. "काही झालं तर पळणार कशी ती?"

"काही होत नाही गं. कॉलम उभा राहतो. मला अनुभव आहे."

"मग फोडून दाखवायला का घाबरलास?"

ताई खाली वाकली आणि फळ्यावर लिहावं तशा गोल, सुट्या अक्षरांत लिहू लागली. 'माझ्या भावाने कोपऱ्यातल्या कॉलमात रिंगा कमी घातल्या आहेत. सध्याचे तपासनीस तो फोडून दाखवा म्हणतात, म्हणून ते नको आहेत.'

"ताई, माझं लायसन जाईल."

"जाईल," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मला काय आनंद होतोय का?" आणि तिनं कागद आत सरकवला.

कारकुनानं तो दोनदा वाचला. "बाई, असं लिहिलंत तर तपासनीस बदलणार नाही, चौकशी लागेल. खोडायचं असेल तर आत्ताच खोडा."

ताईनं भावाकडे बघितलं.

वीस वर्षं कमावलेलं नाव त्या दोन ओळींत अडकलं होतं. त्याचा हात आपसूक खिडकीत गेला, कागदावर पडला. ओढून घ्यायचा, चुरगळायचा, नवा फॉर्म मागायचा. अजून दहा मिनिटं होती. हात तिथेच राहिला. घामानं बोटांखालची शाई किंचित फुटली.

"खोडू नका," तो म्हणाला. त्याने हात काढून घेतला. "शिक्का मारा."