मागचं टेबल

किशोर मशीनशी गोड वागायला लागला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमचे वडील, अण्णा, गेल्यापासून माझा हा धाकटा भाऊ त्यांच्या फळ्या तासायच्या जुन्या रंधा मशीनला भंगार म्हणत आला. पेठ रोडवरची आमची शेड त्याला कुरियरवाल्यांना गोदाम म्हणून भाड्यानं द्यायची होती, मला अण्णांसारखी चालवायची होती. शेवटी ठरलं ते असं: गंजलेलं मशीन खोलायचं, बेअरिंग बदलायची, पुन्हा जोडायचं. दसऱ्यापर्यंत मशीननं फळी सरळ रंधली तर शेड माझ्याकडे. नाहीतर मशीन भंगारात. आणि जोडायला पाना घेऊन माझ्याबरोबर बसणार कोण, तर हाच. मी काय दूधखुळी आहे?

खोलताना प्रत्येक नट डब्यात पडेपर्यंत मी त्याच्या हातावरची नजर काढली नाही. पुढचं टेबल, मागचं टेबल, मधली फिरणारी पाती, सगळं शेडभर पसरलं.

घट आमच्याकडे शेडमध्येच बसतो, मशीनसमोर. अण्णांची पद्धत. घटस्थापनेला सकाळी किशोरची बायको मोहिनी पूजेचं ताट ठेवून गेली आणि मी जागा झाडायला घेतली. ताटाजवळ जमिनीवर एक काळंकुट्ट नाणं दिसलं, जुना भोकाचा पैसा. ताटातून पडला असणार. चिंचेनं घासून मी तो कलशात टाकला, वर नारळ ठेवला. घट एकदा बसला की दसऱ्याशिवाय हलवायचा नाही.

मग जोडणी सुरू झाली आणि गाडी मागच्या टेबलावर अडली. ते पात्यांच्या बरोबरीत यायला हवं. पात्यांवरून टेबलावर सरळपट्टी धरली की डाव्या बाजूला बरोबर टेकायची, उजव्या बाजूला खालून उजेड दिसायचा. टेबल परत उचललं. उजव्या बोल्टाच्या भोकाभोवती गंज नसलेली एक गोल खूण होती. तिथं वॉशरसारखं काहीतरी बसवलेलं होतं आणि आता ते नव्हतं.

मी मोहिनीच्या देखतच किशोरला ती खूण दाखवून विचारलं, वॉशर कुठे लपवलास. तो चिडला नाही. हात पुसत म्हणाला, मी काही लपवलेलं नाही. खरा माणूस असा आळ आल्यावर उसळतो, हा मात्र थंड. त्यामुळे माझी खात्रीच पटली.

बाजारातले वॉशर जाड निघाले. पत्रा कापून घातला तर बोल्ट कसताच दबायचा. माळेवर माळ चढत गेली, घटातले गहू वर आले आणि मशीनमधून फळी निघायची ती तिरकीच. मी हत्यारांना कुलूप लावलं. एकदा किशोर चहाला गेला असताना त्याच्या स्कूटरची डिकीसुद्धा उघडून पाहिली. रेनकोट आणि पोराची क्रेयॉन पेटी. मागे वळले तर मोहिनी दारात उभी. मी डिकी आपटून बंद केली.

खंडेनवमीला तिरक्या मशीनला झेंडूचा हार घातला. मला रडू आलं. अण्णांचं मशीन माझ्या हातानं मी भंगारात धाडणार होते.

दसऱ्याला अंघोळ करून शेडमध्ये आले तर किशोरनं माझ्याआधीच घट हलवलेला. मी तोंड उघडणार, इतक्यात मागच्या टेबलावर ओला भोकाचा पैसा दिसला.

"हेच होतं तिथं," तो म्हणाला. "अण्णांनी कानशीनं घासून बसवलेलं. खोलताना पडलं असणार."

"तुला कधी कळलं?"

"तू खूण दाखवलीस तेव्हाच. तुला कलशात पैसा टाकताना बघितलं होतं मी."

"मग बोलला का नाहीस?"

"घट मोडवत नव्हता, ताई. आणि खरं सांगू, मशीनही नको होतं. आज भंगारवाल्याचा टेम्पो येऊन ते घेऊन गेला असता की सुटलो असतो." त्यानं पैशावरून बोट फिरवलं. "सकाळी पैसा खिशात टाकणारच होतो. पण अण्णांच्या कानशीच्या रेघा बोटाला लागल्या."

मला त्याचा राग आला आणि स्वतःची लाजही वाटली. दोन्ही एकदमच. पैसा उचलून मी त्या खुणेवर ठेवला. बरोबर बसला. भोकातून बोल्ट घातला आणि किशोरनं तो कसला.

दोन फळ्या रंधल्या. आता त्यांच्या कडा एकमेकींना टेकवून खिडकीसमोर धरायच्या. मधून उजेड दिसला तर मशीन गेलं, नाही दिसला तर राहिलं. मी फळ्या उचलल्या, पण डोळ्यांशी नेल्या नाहीत. किशोरच्या हातात दिल्या.

"तूच बघ आणि सांग."

त्यानं बराच वेळ बघितलं. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"उजेड नाही," तो म्हणाला.

मी वाकून बघितलं नाही. टेम्पोवाल्याला परत जायला सांगायला गेले.