दांड्यावरचा भार

माझी पत्नी डेल्फिन हिची धाकटी बहीण एलिसा ही गेली एकोणतीस वर्षे धर्मभगिनी असून सावंतवाडीजवळच्या एका मठात वास्तव्यास होती. नोव्हेंबरात तिचा फोन आला. पंधरा फेब्रुवारीस तिची बदली झारखंडातील एका दूरच्या केंद्रात होणार होती, आणि तेथून ती पुन्हा केव्हा येईल हे तिच्या वरिष्ठांनाही सांगता येत नव्हते. डेल्फिनने फोन ठेवला व ती बराच वेळ मेथी निवडीत बसली. मग म्हणाली, "जायच्या आधी एकदा तिला बघायचं आहे."

(घरात आम्ही आमची बोली बोलतो. येथे सर्वांस समजावे म्हणून पुस्तकी मराठीत लिहीत आहे.)

हे वाक्य दिसण्यास लहान आहे, परंतु आमच्या घरात ते फार मोठे होते. डेल्फिनचा उजवा गुडघा दोन शस्त्रक्रियांनंतरही वाकत नाही. दर दोन तासांनी तिला पाय लांब करून आडवे पडावे लागते, आणि शौचास उंच खुर्चीच लागते. ही गोष्ट लॉजवर अथवा परक्या घरी सांगण्याची तिला लाज वाटते. त्यामुळे पाच वर्षांत ती आमच्या भुईगावाबाहेर एक रात्रही राहिलेली नाही.

मी व्यवसायाने वेल्डर आहे. वाडीवाल्यांना ढकलगाड्या, गेट व टाक्यांचे स्टँड करून देतो. मी मनाशी विचार केला की, डेल्फिन घर सोडत नसेल तर घरानेच तिच्यासोबत जावे. त्याप्रमाणे मी दोन चाकांचा एक लहान ट्रेलर बांधला. त्यात एक पलंग, एक शेगडी, पाण्याचे चार कॅन व पडद्याआड ती खुर्ची. प्रवासात आम्ही दोघांनी पुढे जीपमध्ये बसावे आणि जेथे थांबू तेथे तिने मागे जाऊन पाय लांब करावे, अशी योजना होती. आवश्यक ती नोंदणीही करून घेतली.

या कामात मला ज्या गोष्टीचा विशेष अभिमान होता ती सांगतो. तरुणपणी मी वडिलांची बैलगाडी भुईगावाहून वसईच्या बाजारात नेत असे. केळी भरून झाली की वडील बैलाची मान व जू यांच्यामध्ये आपला तळवा घालीत. तो मोकळा फिरला तरच गाडी निघे. भार पुढे गेला तर बैलाची मान सोलते, आणि मागे गेला तर गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचलले जाऊन बैलाचा गळा आवळला जातो. ज्याने ओढायचे त्याच्या मानेवर गाडीने बसू नये, हे त्यांचे वचन. म्हणून ट्रेलरमधील प्रत्येक वस्तू मी अशी मांडली की सर्व वजन आसावर तोलले जावे. जीपच्या हुकात अडकवायचा लोखंडी दांडा मी दोन बोटांनी उचलून दाखवीत असे. गल्लीतील लोक पाहण्यास येत व मान डोलावीत.

एक फेब्रुवारीस आम्ही चाचणीसाठी महामार्गावर गेलो. डेल्फिन माझ्या शेजारी होती. तिचा भाऊ आग्नेल, जो पूर्वी टेम्पो चालवीत असे, मागून स्कूटरवर येत होता. चाळीसच्या वेगापर्यंत सर्व सुरळीत होते. पंचेचाळीसला आरशात ट्रेलर एकदा डावीकडे दिसला, एकदा उजवीकडे. तेवढ्यात एक कंटेनर बाजूने गेला आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलर असा झुलू लागला की जीपचे मागचे अंगही त्याबरोबर फिरू लागले. मी ब्रेक दाबला, तो आणखी झुलला. कसेबसे कडेला थांबलो.

आग्नेल येऊन पोहोचला. "भावोजी, गाडी बांधलीत की वरात? केवढी नाचते."

डेल्फिनने दाराची मूठ सोडली नव्हती. ती म्हणाली, "मला घरी न्या. हळू."

घरी आल्यावर तिने एलिसाला फोन लावला व सांगितले, "माझं काही खरं नाही गं. तू नीट जा." मी ओसरीवर उभा राहून ऐकत होतो.

त्यानंतरचे नऊ दिवस मी अशा संभ्रमात काढले की तसा संभ्रम मला आयुष्यात क्वचितच झाला असेल. आग्नेलचे मत पडले की आस तिरका बसला आहे. मी दांड्याच्या टोकापासून दोन्ही चाकांपर्यंत दोरी ताणून मोजले. दोन्ही मापे सारखी भरली. मग टायरातील हवा तपासली. मग बेअरिंग बदलली. मग आसाचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, सोडून पुन्हा कसले. प्रत्येक दुरुस्तीनंतर मी एकटा चाचणीस जाई, आणि पंचेचाळीसला ट्रेलर पुन्हा झुले. सर्वांत मोठे कोडे असे की, रिकामा नेला तर तो साठपर्यंत शहाण्यासारखा येई. भरला की बिघडे. माझ्या मनात आले की कदाचित अजूनही जीपवर थोडा भार पडत असावा, म्हणून मी पाण्याचे दोन कॅन आणखी मागे सरकविले. त्या दिवशी तो चाळीसलाच झुलला. मी कॅन पुन्हा जागेवर आणले व तेथेच एका कॅनवर बसून राहिलो.

डेल्फिनने एलिसासाठी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणून ठेवली होती. ती तिने आता शेजारी वाटण्यास काढली. ते पाहून मी ट्रेलर जीपला जोडला आणि अतिशय हळू हाकत आचोळ्यास गेलो.

तेथे चंद्रहास नावाच्या गृहस्थाचे चाके सरळ करण्याचे दुकान आहे. वय चाळीस, मूळचा संगमेश्वरचा. त्याने यंत्र लावले, खाली शिरला, बाहेर आला.

"काका, तुमचा आस माझ्या सासऱ्यापेक्षा सरळ आहे. आत काय भरलंय?"

मी सर्व दाखविले, आणि दांडा सोडवून दोन बोटांनी उचलला. त्याने मान डोलाविली नाही. तो शेजारच्या इमारतीत, आपल्या घरी गेला व वजनाचा काटा घेऊन आला.

"बायकोचा आहे. रोज सकाळी यावर उभी राहते आणि मला बोल लावते. ठेवा दांडा याच्यावर."

काट्याने तीन किलो दाखविले.

"आणि सगळा ट्रेलर किती?"

"काल काट्यावर घातला. चारशे ऐंशी."

"मग इथं पन्नास तरी पाहिजेत. तुम्ही तीन ठेवलेत."

मला वाटले तो उलटे बोलत आहे. मी त्यास बैलाची मान, जू व वडिलांचा तळवा हे सर्व क्रमाने समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"बरोबर आहे तुमच्या वडिलांचं. पण काका, बैल कधी पन्नासने पळाला होता का?"

"नाही."

"मग? बैलाच्या चालीला तोल चालतो. या वेगाला मागचं शेपूट हलायला बघतं, त्याचा दांडा पुढून कोणीतरी दाबून धरावा लागतो. वजन पुढे घ्या."

"जीपला त्रास होईल."

"जीप सांगणार नाही तुम्हाला."

त्याने मला कॅन पुढच्या भिंतीशी लावण्यास सांगितले, शेगडीचा सिलिंडर पुढे बांधण्यास सांगितले. मी ते केले, परंतु माझे हात ते करण्यास राजी नव्हते. दांड्याचे वजन चोपन्न झाले. तो हुकात बसविताच जीपचे मागचे अंग दोन बोटे खाली गेले. मला वडिलांसमोर उभे असल्यासारखे झाले. मी मजुरी विचारली असता चंद्रहासने फक्त यंत्राचे शुल्क सांगितले.

परतताना महामार्गाने आलो. पंचेचाळीस. पन्नास. पंचावन्न. आरशात ट्रेलर चौकटीत लावलेल्या चित्रासारखा स्थिर होता. मी पंचावन्नने जात होतो आणि मला आनंदापेक्षा गोंधळच अधिक वाटत होता. बरे म्हणून केले ते चूक, आणि चूक वाटते ते बरे, हे मनुष्याने पचवावे तरी कसे?

घरी येऊन डेल्फिनला सांगितले. ती म्हणाली, "काय बदललंत?"

"कॅन पुढे घेतले."

"एवढंच? नऊ दिवस एवढंच होतं?"

"का, ते मला अजून नीट कळलेलं नाही," मी खरे ते सांगितले.

"न कळता मी बसू त्यात?"

आग्नेल पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "बाय, लग्नही न कळताच केलंस ना? बस."

डेल्फिनने त्याच्याकडे पाहिले नाही. ती मला म्हणाली, "मी बरोबर असताना एकदा दाखवा. सगळं भरून. मग बघू."

बारा तारखेस सकाळी सर्व सामान भरले. कपडे, औषधे, तांदूळ, भांडी, काहीही वगळले नाही, कारण खोट्या वजनाने खरी चाचणी होत नाही. उरलेली सुकेळीही तिने आणली व कोठे ठेवू असे विचारले. मी म्हणालो, पुढे. वसई खाडीवरच्या वर्सोवा पुलाच्या अलीकडून वळून परत यायचे असे ठरले. आम्ही दक्षिणेस निघालो.

तिने दाराची मूठ धरली होती. पंचेचाळीसला तिने डोळे मिटले. पन्नासला उघडून आरशात पाहू लागली. ससूनवघरच्या पुढे एक कंटेनर आला, तसाच लांब, तसाच घाईत. तो बाजूने गेला, वाऱ्याने माझ्या खिडकीची काच थरथरली, ट्रेलर जरासा हलला आणि पुन्हा आपल्या जागी आला. एकदाच. डेल्फिनने मान वळवून प्रत्यक्ष मागे पाहिले, जणू आरशावर तिचा विश्वास नव्हता.

वळणाची जागा दिसू लागली. मी इंडिकेटर दिला.

"बंद करा तो," ती म्हणाली.

"वळायचं आहे ना?"

"सगळं भरलंय म्हणालात ना? औषधं भरली?"

"भरली."

"खुर्ची?"

"आहे."

"मग परत घरी जाऊन काय करायचं? तेच सामान उतरवायचं आणि तेच चढवायचं?"

"तू तर म्हणालीस मग बघू."

"बघितलं ना."

मी इंडिकेटर बंद केला. पुलावर चढताना तिने आग्नेलला फोन करून सांगितले की कोंबड्यांना दाणे घाल, मागचे दार ओढून घे, आम्ही चाललो. पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही. ती म्हणाली, "गप रे," आणि फोन ठेवला.

वाटेत आम्ही अकरा वेळा थांबलो. एक रात्र चिपळूणजवळच्या एका पेट्रोल पंपाच्या आवारात काढली. ती आपल्या पलंगावर शांत झोपली आणि मी जीपच्या पाट्यांखाली हात घालून पाहत राहिलो. तेराच्या संध्याकाळी मठाच्या फाटकाशी पोहोचलो. आम्ही येत नाही असेच एलिसा समजून होती. हा कसला डबा आला म्हणून ती बाहेर आली, आणि जीपमधून हळूहळू उतरणारा एक ताठ पाय पाहून फाटकातच थांबली.

डेल्फिन तिच्याकडे गेली नाही. तिने ट्रेलरचे दार उघडले, कठड्यास धरून आत चढली आणि शेगडी पेटविली.

"आत ये," ती आतून म्हणाली. "चहा ठेवते."

एलिसा झगा सावरून आत गेली. दार ओढले गेले. मी बाहेर चाकांस दगड लावले आणि मठाच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. मध्ये एकदा, आत सर्व हकीकत ऐकून, एलिसाने खिडकीतून डोके काढून विचारले, "भावोजी, इतक्या लांब हे न हलता आणलंत कसं?"

"वजन पुढे घेतलं," मी म्हणालो, "पण का, ते मला सांगता येणार नाही."