न पळणारी घोडी

मोबाइलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, तेव्हाची गोष्ट. कोथरूडच्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, विलायती घोडे पळत होते. खालच्या मजल्यावरच्या काकांना याचा पत्ता नव्हता. वर कसलीशी कॉम्प्युटरची कंपनी आहे आणि ती मंडळी जिन्यात चपला अस्ताव्यस्त टाकतात, एवढीच त्यांची तक्रार.

कंपनी केयूर परांजपेची. इंग्लंडच्या एका कंपनीनं त्याला घोड्यांच्या शर्यतीचा गेम बनवायचं काम दिलं होतं. खेळणाऱ्यानं एक घोडी घ्यायची, तिला खाऊपिऊ घालायचं, सराव द्यायचा आणि शर्यतीत उतरवायची. घोड्यांचं दिसणं, पळणं, धूळ उडणं बाकीच्यांकडे. सरावाचा भाग अस्मिता शितोळेकडे. साहेबांनी पाठवलेला नियम सोपा होता. जितका जास्त सराव, तितका जास्त वेग.

अस्मितानं तो नियम चालवून पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं.

"केयूर, ही घोडी आहे की मोटरसायकल? पेट्रोल ओतलं की पळाली!"

"क्लायंटनं मागितलंय ते द्यायचं," केयूर म्हणाला. "त्यानं आपल्याला घोड्यांची कीव करायला पैसे दिलेले नाहीत."

अस्मिता ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तिनं घोडीला थकवा दिला. बरं, तो मोजायचा काटाही पडद्यावर ठेवला नाही. कळायचं ते घोडीकडे बघूनच. दमलेली घोडी आधी दाण्याची चंदी अर्धी टाकायची, मग हाक मारली तरी कान वळवायची नाही, मग एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत राहायची. तरीही कुणी तिला दामटलंच, तर शर्यतीच्या दिवशी दार उघडल्यावर ती जागची हलायची नाही. पडायची नाही, लंगडायची नाही. नुसती उभी.

केयूरनं ते पाहिलं तेव्हा साहेबांचा माणूस, हॅरिस, विमानात बसलेला होता.

"त्याला नाही आवडलं तर हे सगळं काढायचं," केयूर दात खाऊन म्हणाला. "आणि पुढचं काम हातचं गेलं, तर तू दुसरी नोकरी बघ."

"बघते," अस्मिता म्हणाली. बोलून तर गेली खरी. घरात तिचा पगार हाच मोठा पगार होता.

हॅरिस आला, चहा घेतला आणि खेळायला बसला. गडी जिंकायची हौस असलेला. पहिल्या दोन शर्यती मारल्यावर त्यानं बाह्या वर केल्या. सकाळी दौड, दुपारी दौड, संध्याकाळी पुन्हा दौड. घोडीनं चंदी टाकली; ह्याचं लक्ष वेगाच्या आकड्यावर. कान वळेनात, हा आपला दौडीचं बटण दाबतोय. मागे उभ्या असलेल्या अस्मिताचा जीव खालीवर होत होता. तिनं तोंड उघडलं की केयूर खोकायचा.

मोठ्या चषकाची शर्यत लागली. दार उघडलं. बाकीचे घोडे धुरळा उडवत निघून गेले आणि हॅरिसची घोडी उभीच. त्यानं कीबोर्ड बडवला. घोडीनं शेपटीसुद्धा हलवली नाही.

"किरकोळ बग आहे, सर," केयूर घाईघाईनं म्हणाला. "आज काढून टाकतो."

आता गप्प बसली असती तर नोकरी वाचली असती. पण आपल्या कामाला कुणी बग म्हणावं, हे तिला सहन होईना.

"बग नाही," ती म्हणाली. "मी मुद्दाम केलंय. ती दमली आहे."

"मग मला आधी का नाही सांगितलं?" हॅरिसनं विचारलं.

"तिनं सांगितलं होतं. तुम्ही बघितलं नाहीत."

हॅरिस पडद्यावरच्या त्या घोडीकडे बघत राहिला.

"आता काय केलं की पळेल?"

"काही करू नका. चरू द्या."

त्यानं तिला चरायला सोडलं. गेममधले आठवडे जात होते आणि सगळ्यांचे डबे थंड होत होते, पण हा माणूस जागचा उठेना. अखेर त्यानं हाक दिली आणि घोडीनं कान वळवले. हॅरिस खुर्चीतून अर्धा उठला. पुढच्या शर्यतीत ती तिसरी आली, तेव्हा पहिल्या दोन विजयांना वाजवल्या नव्हत्या इतक्या टाळ्या त्यानं वाजवल्या.

"हे ठेवा," तो म्हणाला. "यातलं काहीही काढू नका."

केयूरचा चेहरा क्षणात पालटला. "आम्ही रेसकोर्सवरच्या एका तज्ज्ञांचा सल्ला घेतला होता, सर!"

"त्यांचं नाव काय? गेमच्या शेवटी घालू."

केयूरनं घाईघाईनं चहाचे कप गोळा करायला घेतले. इथे बनलेल्या कामावर इथल्या कुणाचं नाव आजवर लागलं नव्हतं, त्यामुळे थाप पचेल असा त्याचा अंदाज होता.

"माझे आजोबा," अस्मिता म्हणाली. "हिंमतराव शितोळे. स्वारगेटला टांगा हाकायचे."

ऑफिसात हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. लाज नव्हती, पण विषयही काढला नव्हता. आज मात्र मान ताठ करून सांगितलं. लग्नसराईत आजोबांनी घोडीला उसंत दिली नाही आणि एक दिवस ती भर चौकात उभी राहिली. वऱ्हाडी उतरून चालत गेले, टांगेवाले हसले. आजोबा मात्र जन्मभर ती गोष्ट छाती फुगवून सांगायचे, की माझी घोडी माझ्यापेक्षा शहाणी. सांगताना अस्मिताला इतका अभिमान वाटला की तिचा आवाज चढला आणि ते तिला कळलंही नाही.

गेम पुरा झाल्यावर तिनं तो घरी आणला आणि आजी यमुनाबाईंना कॉम्प्युटरसमोर बसवलं. शेवटी नावं सरकू लागली, तशी तिनं एका नावाखाली बोट धरलं.

"आजी, हे बघ. हिंमतराव शितोळे, स्वारगेट, पुणे. घोडी कशी सांभाळायची, ते शिकवणारे म्हणून."

यमुनाबाई काचेच्या अगदी जवळ गेल्या. खूप वेळ बघितलं. डोळे भरून आले, पण बोलणं काही मऊ झालं नाही.

"त्यांनी कुठं काय शिकवलं? त्या दिवशी ते चाबूक उगारून हुबे हुते, मी बघितलंय. शिकवलं घोडीनं. तिचं नाव कुठं हाय?"

अस्मितानं तिथल्या तिथे केयूरला फोन लावला.

"सीडी छपाईला गेल्या नाहीत ना? एक नाव राहिलंय. आजोबांच्या वर घालायचं."

"आणखी एक तज्ज्ञ?" केयूर वैतागला. "बरं, सांग."

"शकू."

"नुसतं शकू? आडनाव?"

फोनवर हात ठेवून तिनं आजीकडे बघितलं.

"म्हंजे काय?" यमुनाबाई म्हणाल्या. "शितोळेच की. आपल्याच घरातली ती."